दुखण्याच्या पानावरची स्वाहिली

टांझानियाहून आलेल्या माझ्या पेशंट आजींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन एक दिवस झाला होता. सांधा बदललेला. मी पलंगाच्या कडेला वाकून एका हाताने त्यांची टाच धरली होती, दुसरा हात गुडघ्याखाली. त्यांना दुखत होतं, तरी माझ्याकडे बघून त्या सारख्या म्हणत होत्या, "पोले. पोले ना काझी." मला एवढंच माहीत होतं की त्यांच्या स्वाहिली भाषेत 'पोले पोले' म्हणजे हळू हळू. म्हणून मी हात सैल केला. त्या पुन्हा "पोले". मी आणखी हळू. शेवटी व्यायाम जवळजवळ थांबलाच. थोड्या वेळाने त्यांची मुलगी खालून औषधं घेऊन वर आली तेव्हा कळलं, की 'पोले' एकदाच म्हटलं तर त्याचा अर्थ हळू असा होत नाही. समोरच्याला त्रास पडतोय आणि तो आपल्याला दिसतोय, हे सांगणारा तो शब्द आहे. 'पोले ना काझी' म्हणजे कामाचे फार कष्ट पडतायत गं तुला. ज्यांचा गुडघा आदल्या दिवशी उघडला होता त्या आजी मला धीर देत होत्या, आणि मी समजत होते की त्या तक्रार करतायत.

त्या संध्याकाळी पनवेल लोकलमध्ये मी फोनवर स्वाहिलीचा पहिला धडा उघडला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नोकरी नवी मुंबईत, घर पनवेलला. केनिया-टांझानियातून उपचारांसाठी भारतात येणारी माणसं आमच्या वॉर्डात नेहमी असतात. बरोबरच्या मुलाला किंवा मुलीला इंग्रजी येतं, त्यामुळे काम अडत नाही. पण मी व्यायामाला जाते त्या वेळी ते मूल नेमकं बिलाच्या खिडकीशी किंवा रिपोर्ट आणायला गेलेलं असतं, आणि खोलीत मी आणि पेशंट दोघंच उरतो. या आजी टांझानियातल्या तांगा या बंदराच्या गावच्या. त्यांना इंग्रजी चार शब्दांपुरतं येत होतं, मला स्वाहिली दोन शब्दांपुरती.

आधीच माझ्या डोक्यावर दोन भाषा होत्या. जर्मनीत फिजिओथेरपिस्टची गरज आहे म्हणून जर्मनचा रविवारचा वर्ग चालू होता, बी-१ची, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा तोंडावर आली होती. ओमानचे पेशंट येतात म्हणून अरबीची अक्षरं गिरवायला घेतली होती. त्यात तिसरी भाषा. आईने विचारलं, "एवढ्या भाषा एका डोक्यात राहतात का गं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं: दोन भाषा एकदम पहिल्या पायरीवर असतील तर राहत नाहीत. एक अर्ध्या वाटेवर आणि एक पहिल्या पायरीवर असेल तर राहतात. अरबी मी चौथ्या आठवड्यात बाजूला ठेवली. वाईट वाटलं, पण ती वाया गेली नाही, ते पुढे येईलच.

सुरुवात इंग्रजीतून केली, कारण साधनं त्या भाषेतच मिळाली. ड्युओलिंगो या ॲपवर स्वाहिली आहे. 'लँग्वेज ट्रान्सफर' नावाचा एक मोफत ऑडिओ कोर्स आहे, त्यात शिक्षक एका विद्यार्थ्याला वाक्यं बांधायला लावतो आणि आपण मध्ये थांबवून स्वतः बांधून बघायचं. तो मला खूप उपयोगी पडला. पण व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकात एका ठिकाणी आल्यावर लेखकाचा आवाज बदलतो, 'आता अवघड भाग आला, घाबरू नका.' तो भाग म्हणजे नामांचे वर्ग. स्वाहिलीत नामं गटागटांत वाटलेली असतात. काही पुस्तकं सहा-आठ गट धरतात, काही अठरापर्यंत आकडे लावतात. नाम ज्या गटातलं, त्याप्रमाणे विशेषण बदलतं, क्रियापद बदलतं, 'हा', 'तो' बदलतं, सगळं वाक्य त्या नामाच्या रंगात रंगतं. मी तक्ता पाठ करायला घेतला आणि तिथेच अडकले.

सुटका झाली ती वॉर्डात. आमच्या कामात दिवसभर एकच प्रश्न असतो, कुठे दुखतंय? म्हणून मी वहीत एक पान फक्त दुखण्याचं केलं. आजींच्या मुलीकडून एकेक अवयव विचारून घेतला आणि देवनागरीत लिहीत गेले.

गोती लिनानिउमा, गुडघा दुखतो.
म्गोंगो उनानिउमा, पाठ दुखते.
किच्वा किनानिउमा, डोकं दुखतं.

तिसरी ओळ लिहून झाली आणि माझं लक्ष उजवीकडच्या मराठीकडे गेलं. दुखतो, दुखते, दुखतं. मी जन्मापासून हेच तर करत आले आहे! गुडघा पुल्लिंगी, पाठ स्त्रीलिंगी, डोकं नपुंसक, आणि दुखण्याचं क्रियापद प्रत्येकाप्रमाणे वळतं. गुडघा पुरुष का आणि पाठ बाई का, असं कुणी मला समजावलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. इंग्रजीत काहीही दुखलं तरी क्रियापद लिंग बघत नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकांना हा डोंगर वाटतो. मराठी माणसाने इंग्रजीच्या खिडकीतून स्वाहिलीकडे बघितलं तर त्यालाही उगाच डोंगरच दिसतो. फरक एवढाच की आपण क्रियापदाचं शेपूट बदलतो आणि ते तोंड बदलतात. लि-ना-नि-उमा: 'लि' म्हणजे तो (गोतीच्या गटातला), 'ना' म्हणजे आत्ता चालू असलेलं, 'नि' म्हणजे मला, 'उमा' म्हणजे दुखणं.

मग पान भरत गेलं. मान 'शिंगो', तिच्यासाठी इनानिउमा. कंबर 'किउनो', ती किच्वाच्या गटातली, म्हणून किनानिउमा. एक गुडघा गोती, दोन्ही गुडघे मागोती, म्हणून मागोती यानानिउमा. बोट किदोले, बोटं विदोले, विदोले विनानिउमा. शेजारी तिसरा रकाना जर्मनचा केला: दास क्नी टूट मिर वे, डेर कोप्फ टूट मिर वे. जर्मनमध्ये लिंग तीनच, पण ते दाखवायचं काम नामापुढच्या दास-डेर-डी वर असतं, क्रियापद हलत नाही. तीन भाषा एका पानावर शेजारी बसवल्या तेव्हा त्यांची एकमेकींशी गल्लत कमी झाली. प्रत्येकीची खोड वेगळी दिसू लागली.

त्याच पानाच्या खाली आणखी एक गोष्ट सापडली. मराठीत रामाचा घोडा, रामाची गाडी, रामाचं घर. चा-ची-चं हे मालकाकडे बघत नाही, वस्तूकडे बघतं. स्वाहिलीतही तसंच: आजींचं घर 'न्युम्बा या बिबी', आजींची गाडी 'गारी ला बिबी', आजींचं पुस्तक 'किताबू चा बिबी'. त्यातला 'चा' मराठी 'चा'शी नात्याने जोडलेला नाही, योगायोग आहे, आणि त्याचा उच्चार चहातल्या चसारखा करायचा, चाकातल्या चसारखा नाही. पण मला तो कायमचा लक्षात राहिला. आणि किताबू हा तर आपलाच किताब. अरबीतून तिथे गेला, त्याचं सुरुवातीचं 'कि' लोकांना आपल्या कि-गटातलं वाटलं, म्हणून अनेकवचन झालं विताबू. टांझानियात रस्त्यावरच्या वर्तुळाकार चौकाला 'किपिलेफ्ती' म्हणतात, इंग्रजी पाटीवरच्या 'कीप लेफ्ट'वरून, आणि असे अनेक चौक म्हणजे 'विपिलेफ्ती'. बाहेरून आलेल्या शब्दाला इतक्या आपुलकीने घरात घेणारी भाषा मी पहिल्यांदा बघितली.

ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. दुका म्हणजे दुकान, रांगी म्हणजे रंग, हेसाबू म्हणजे हिशोब, साबुनी म्हणजे साबण, तायारी म्हणजे तयार, बिमा म्हणजे विमा, गुनिया म्हणजे गोणी, बांगिली म्हणजे बांगडी, लाकी म्हणजे लाख. पेरा म्हणजे पेरू, तो त्यांना आणि आपल्याला दोघांनाही पोर्तुगीजांकडून मिळाला. रिक्षाला टांझानियात 'बजाजी' म्हणतात, म्हणजे आकुर्डीच्या बजाज कंपनीचं नाव तिथल्या रस्त्यावर रोज घेतलं जातं. शतकानुशतकं मोसमी वाऱ्यावर गलबतं या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जात-येत होती, त्याची ही खूण. स्वाहिली हे नावच अरबीतल्या किनाऱ्यासाठीच्या शब्दावरून आलेलं आहे, म्हणजे भाषेचं नावच किनारपट्टीची बोली असं.

पण नात्यांचे शब्द लागले की सगळं उलटंपालटं होतं. आजींची मुलगी मला 'दादा' म्हणू लागली. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई. वॉर्डबॉयला ती 'काका' म्हणायची, कारण काका म्हणजे दादा. मामा म्हणजे आई. खरा मामा तो 'म्जोम्बा' आणि आत्या 'शांगाझी'. मावशी म्हणजे 'मामा म्दोगो', धाकटी आई. बिबी म्हणजे आजी. सुरुवातीला आजींना 'बिबी' म्हणताना माझी जीभ अडखळायची. पण काका, मामा, आत्या, मावशी यांना वेगवेगळे शब्द असलेल्या घरातली माणसं आहेत ही, हे कळल्यावर फार जवळचं वाटलं. इंग्रजीतून जाताना या सगळ्यांचे एकदा आंटी-अंकल करून मग पुन्हा वेगळे करावे लागतात.

आदराचं मात्र वेगळं आहे. अनोळखी आजींना मी 'तू' कशी म्हणणार? 'कुंजा गोती' म्हणजे गुडघा वाकव. मी शोधून काढलं की अनेकवचनी आज्ञा 'कुंजेनी' आहे, म्हटलं हेच आपलं 'वाकवा'. दोन दिवस मी कुंजेनी म्हणत राहिले. मग मुलीने सांगितलं, दादा, तू असं म्हणतेस तेव्हा खोलीत आणखी माणसं आहेत असं वाटतं. आदर तिथे अनेकवचनात नसतो. तो 'नाओंबा उकुंजे गोती' म्हणजे 'विनंती करते, गुडघा वाकवावास' अशा बांधणीत असतो, आणि सगळ्यात आधी नमस्कारात असतो. मोठ्या माणसाला भेटल्यावर 'शिकामू' म्हणायचं. त्याचा मूळ अर्थ मी पाय धरते. मोठ्यांनी म्हणायचं 'माराहाबा'. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून मी "शिकामू, बिबी" म्हटलं. आजींनी उशीवरून मान वळवली, माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "माराहाबा, म्वानांगू." माझ्या लेकरा. त्या दिवशी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त वाकला. त्याला बाकी कारणंही असतील, पण मला हेच आठवतं.

आकडे मात्र पाठ करावेच लागले नाहीत. आमचा प्रत्येक व्यायाम दहा वेळा. घोटा वर-खाली दहा वेळा, मांडी ताठ दहा वेळा. मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता, साबा, नाने, तिसा, कुमी. पहिला आकडा 'मोजा'! मी मनात मराठीतून 'मोजा' म्हणायचे आणि मोजणी सुरू व्हायची. सिता, साबा, तिसा हे तीन अरबीतून आलेले, बाकीचे मूळचे बांटू, म्हणजे स्वाहिली ज्या आफ्रिकी भाषाकुळातली आहे त्यातले. बाजूला ठेवलेली अरबी इथे कामाला आली, आणि पुढे इशिरिनी, थेलाथिनी, आरोबाइनीला म्हणजे वीस, तीस, चाळीसलाही.

तिसऱ्या दिवशी आजींना वॉकर धरून नीट उभं करायचं होतं. मी इंग्रजीतून मुलीला सांगितलं. ती आईला म्हणाली, "दादा आनासेमा उसिमामे." मी दचकले. 'उसि-' म्हणजे नको, हे मी नुकतंच शिकले होते: उसिले, खाऊ नकोस, उसिएंदे, जाऊ नकोस. मुलगी आईला उभं राहू नकोस म्हणतेय असं वाटून मी पुढे होऊन "नाही, उभं राहायचंय" असं ठासून सांगितलं. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि आजी पुन्हा पलंगावर टेकल्या. झालं होतं असं, की उभं राहण्याचं क्रियापदच 'सिमामा' आहे. उ-सिमामे म्हणजे 'तू उभी राहावीस'. उभी राहू नकोस म्हणायचं तर उसि-सिमामे. एका 'सि'चा फरक. पुस्तकात हे नियम वेगवेगळ्या धड्यांत असतात. प्रत्यक्षात ते एकाच पलंगाशी एकाच श्वासात येतात.

त्याहून गंभीर चूक वेळेची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येते असं मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं: "सा कुमी." दहाला गेले तर खोली रिकामी. मुलगी आईला खुर्चीत बसवून एक्सरेला घेऊन गेली होती, कारण 'सा कुमी' म्हणजे दुपारचे चार. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. दहा म्हणजे 'सा न्ने', चौथा. संध्याकाळी सातला रात्रीचा पहिला तास. तो मुलूख विषुववृत्ताजवळ आहे, सूर्य वर्षभर साधारण सहालाच उगवतो आणि सहालाच मावळतो, म्हणून हा हिशोब तिथे बारा महिने चालतो. घरी आल्यावर आईला सांगितलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "पंचांगातला वार तरी कुठे मध्यरात्री बदलतो? सूर्य उगवल्यावरच बदलतो ना." खरं होतं. पण माझ्या पोटात गोळा आला तो औषधांच्या विचाराने. व्यायाम सहा तास मागे-पुढे झाला तर फार बिघडत नाही, गोळीचं तसं नाही. तेव्हापासून मी वेळ नुसती तोंडी सांगत नाही. कागदावर घड्याळ काढते, शेजारी सूर्य किंवा चंद्र काढते, आणि मग पेशंटकडून परत वदवून घेते.

जर्मनचं काय झालं? परीक्षेच्या आधीच्या महिन्यात फार त्रास झाला. परकी भाषा बोलायची म्हटलं की जी सगळ्यात ताजी तीच पुढे यायची. वर्गात 'आणि'साठी जर्मन 'उंड'च्या जागी स्वाहिली 'ना' यायचं, 'हो'साठी 'या' म्हणायचं तिथे 'न्दियो'. मग मी दोघींच्या जागा वेगळ्या केल्या. जर्मन टेबलाशी बसून, पेन हातात घेऊन. स्वाहिली फक्त उभ्याने आणि कानाने: लोकलमध्ये ऑडिओ, वॉर्डात बोलणं, रात्री ओट्याशी बीबीसीची स्वाहिली सेवा. ती १९५७ पासून चालू आहे. निवेदकांचे उच्चार इतके स्वच्छ की अर्थ कळला नाही तरी शब्द कुठे तुटतात ते कळतं. उपांत्य अक्षरावरचा आघात अंगवळणी पडला तो तिथे. परीक्षा पास झाले. नंतर कळलं की डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेवर जर्मनचे सोपे धडेही आहेत आणि स्वाहिली बातम्याही. पण एकाच वेळी दोन्ही उघडायचे नाहीत हा नियम मी अजून पाळते.

एक शब्द मला विशेष आवडला, 'कुजिफुंझा', शिकणे. फुंझा म्हणजे शिकवणे, जि म्हणजे स्वतःला. आपण 'शिकणे'पासून 'शिकवणे' बनवतो, त्यांनी उलट्या वाटेने जाऊन शिकण्याला 'स्वतःला शिकवणे' म्हटलं.

आजींच्या अंगावर नेहमी कांगा असायचा. कांगा म्हणजे तिथल्या बायकांचं रंगीत सुती कापड, त्याच्या खालच्या काठाशी एक वाक्य छापलेलं असतं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि ते वाक्य नेमकं गुडघ्याशी आलं होतं. मी बोट ठेवून अक्षरं लावली: हाबा ना हाबा हुजाझा किबाबा. 'हाबा' म्हणजे थोडं. 'हु-' म्हणजे नेहमी घडणारं. 'जाझा' म्हणजे भरून टाकणं. 'किबाबा' मला अडलं. आजींनी ओंजळ करून दाण्यांचं माप भरल्यासारखं दाखवलं. धान्याचं लहान माप, आपलं मापटं किंवा चिपटं. थोडं थोडं करून मापटं भरतं. कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं माझं हे पहिलं पूर्ण वाक्य, जवळजवळ पूर्ण. आजींनी मला ते पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंना बोलावून तिसऱ्यांदा.

त्या परत गेल्यावर चार महिन्यांनी मुलीच्या फोनवरून आवाजी निरोप आला. तिथे आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतात; माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, त्यांच्याकडे सात, म्हणजे सा मोजा. मागे कोंबड्यांचा आवाज होता. आजी म्हणाल्या, "म्वानांगू, गोती हालिनिउमी तेना." मी वही उघडली नाही. हा-लि-नि-उमी. 'हा' म्हणजे नाही. 'लि', तो, गोतीच्या गटातला. 'नि', मला. गुडघा आता मला दुखत नाही.

मी लगेच उत्तर बोलून पाठवलं: "ना ला कुशोतो?" आणि डावा? गोतीचा 'ला' लावून.

दोन मिनिटांनी त्यांचा आवाज आला, "हिलो बादो." तो अजून आहेच.